पळी पळी तेल

गावच्या देवळात शिरलं की आधी दिसते ती देणगीदारांची संगमरवरी पाटी. वर पाहावं तर पंख्याच्या पात्यावरही कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव घातलेलं. हसायचं तर हसावं, पण ही हौस आजची नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणजे शके 1195 ते 1199 (इ.स. 1273-77) या काळातल्या देणगीदारांची यादीच. त्यात रामदेवराव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे, आणि बाकीची माणसंही आहेत.

त्याहून बोलका शिलालेख आहे चाळीसगावजवळच्या पाटणचा, शके 1128 मधला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजानं त्याला दान दिलं. दाता म्हणून नाव गाजतं ते सोइदेवाचं. लेखात राजांची नि पंडितांची स्तुती आहे ती संस्कृतात; मठाला रोजचं काय मिळणार हे सांगायची वेळ आली, की भाषा मराठी होते. द्यायचं ज्यांना होतं त्यांना कळायला तर हवं! पाटणच्या बाजारात ग्राहकाकडून जी आवक राजाला जायची, ती आता मठाला. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे 'पळी पळी तेला'. म्हणजे दान राजाचं, तेल तेल्याचं.

पुढे मराठेशाहीत गावच्या महसुलातूनच 'गावखर्च' बाजूला निघे: देवाचा दिवा, उत्सव, दारी आलेला गोसावी-फकीर. इंग्रजी अमलात रयतवारी आली, सारा एकेका शेतकऱ्याकडून थेट सरकारात जाऊ लागला, तसा हा गावखर्च आटला. देवस्थानांच्या इनामांचीही 1852 नंतर इनाम कमिशनपुढे तपासणी झाली. उरली वर्गणी.

तिचा सगळ्यात चांगला उपयोग कर्मवीर भाऊराव पाटलांनी केला, असं मला वाटतं. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांनी 'मुष्टिफंड' काढला: घराघरातल्या बाईनं रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवायची. या देणगीदारांची पाटी लावायची तर भिंत पुरली नसती.

बाजारातली पळीही टिकलीच. मालाच्या व्यवहारात धर्मकार्याच्या नावानं थोडी रक्कम कापायची व्यापाऱ्यांची रीत जुनी. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानं कलम 54 मध्ये तिला 'धर्मादा' हेच नाव ठेवलं. कापणारा त्या पैशाचा मालक नव्हे, विश्वस्त. त्यानं हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यायचा. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर ही कपात हमाली-तोलाईच्या खाली एका ओळीत बसायची. त्या पैशातून चालणाऱ्या, थकल्या गुरांच्या पांजरपोळाच्या दारावर नाव लागायचं ते शेटजींचं.