रहस्यगर्भ ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबरी

भूतकाळातील एखादा कालखंड, त्यात घडणारी प्रेमकथा आणि अखेरीपर्यंत राखून ठेवलेले एखादे गुपित यांची एकत्र गुंफण करणारा कादंबरीप्रकार. मराठीत तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि साधारणपणे १९३० च्या सुमारापर्यंत वाचकप्रिय राहिला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठीतील या प्रकाराचा विचार केला असून युरोपीय पूर्वपीठिका आवश्यक तेवढीच दिली आहे.

पूर्वपीठिका : इंग्रजीत या प्रकाराचा उगम होरॅस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानण्याचा प्रघात आहे. एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून ती प्रथम वाचकांपुढे आली; स्वतःचे कर्तृत्व वॉल्पोलने दुसऱ्या आवृत्तीत उघड केले. सापडलेल्या जुन्या कागदांतून कथा सांगण्याची ही युक्ती पुढे शेकडो लेखकांनी वापरली. अ‍ॅन रॅडक्लिफने ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’मध्ये (१७९४) भीतिदायक वाटणाऱ्या घटनांचा शेवटी बुद्धीला पटेल असा उलगडा करण्याची रीत पक्की केली. वॉल्टर स्कॉटने ‘वेव्हर्ली’पासून (१८१४) इतिहासाला पडद्यावरून कथेच्या गाभ्यात आणले, मात्र राजे आणि सेनापती कडेला ठेवून एखाद्या सामान्य तरुणाला नायक केले. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व रचनेच्या दृष्टीने फार मोठे आहे. इतिहासाचा निकाल वाचकाला आधीच ठाऊक असतो. लढाई कोण जिंकणार हे विचारून उत्कंठा निर्माण होत नाही. ती निर्माण करायची तर कल्पित माणसांच्या नशिबात, त्यांच्या जन्माच्या आणि नात्यांच्या गुपितांतच करावी लागते. रहस्य या प्रकारात वरून शिंपडलेले नसते, ते रचनेचीच गरज असते. मराठी लेखकांनी हे लवकर ओळखलेले दिसते.

आरंभाचा प्रश्न : मराठीत या प्रकाराची पहिली कादंबरी कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे पहिल्या मराठी कादंबरीच्या मानाचे प्रमुख दावेदार आहे; परंतु विधवांच्या स्थितीचे निरूपण करणाऱ्या त्या ग्रंथाचा येथे संबंध नाही. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) ही पहिली स्वतंत्र अद्भुतरम्य कादंबरी समजली जाते. दुष्टाच्या कारस्थानाने दुरावलेले पतिपत्नी, कैद, सुटका आणि पुनर्भेट हा तिचा सांगाडा. हळबे यांचीच ‘रत्नप्रभा’ (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८, काहींच्या मते त्याआधी एक वर्ष) याच वळणाच्या. यांत काळ आहे, पण इतिहास नाही; राजे आणि नगरे केवळ नावापुरती आहेत. संस्कृत कथावाङ्मय, ‘सिंहासनबत्तिशी’, ‘वेताळपंचविशी’ आणि फार्सीतून आलेल्या ‘हातिमताई’, ‘गुलबकावली’ यांसारख्या कथांचे संस्कार त्यांवर स्पष्ट आहेत.

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून बहुतेक संदर्भग्रंथांनी स्वीकारली आहे. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात ती आधी क्रमशः आली. त्यामुळे तिचा काळ सांगताना मासिकातील की पुस्तकाचा, असा एखाद्या वर्षाचा फरक जुन्या सूचींत आढळतो. तिचा काळ शिवाजी महाराजांचा, परंतु गड मात्र कल्पित आहे. ही निवड विचारपूर्वक केलेली असावी. खऱ्या गडाचा इतिहास बखरींनी बांधून टाकलेला होता. कल्पित गडावर कोणाला कैदेत ठेवावे आणि कोणी कोणत्या वाटेने सोडवावे, याला लेखक मोकळा राहतो.

कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथात अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक कादंबरीचा विकास तपशिलाने मांडला आहे. भालचंद्र नेमाडे यांनी ‘मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप’ या १९८० च्या निबंधात यमुनापर्यटन, मुक्तामाला आणि मोचनगड अशा तीन प्रवृत्ती कल्पून साऱ्या मराठी कादंबरीची विभागणी केली. ही विभागणी अतिशय उपयुक्त ठरली आहे. तथापि प्रस्तुत प्रकाराच्या बाबतीत ती जपून वापरावी लागते. कारण येथे दुसरी आणि तिसरी प्रवृत्ती एकाच पुस्तकात नांदतात. कैद, वेशांतर, हरवलेला वारस आणि ओळख पटवणारी खूण हे साहित्य ‘मुक्तामाला’च्या वर्गाने तयार करून ठेवले होते, त्याला सनावळी, गड आणि मोहिमा ऐतिहासिक कादंबरीने दिल्या.

तिसराही एक धागा आहे आणि त्याला पुरेसे महत्त्व मिळालेले नाही. दख्खनमध्ये नोकरी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मराठी मुलखावर कादंबऱ्या लिहिल्या होत्या. मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी विल्यम ब्राउन हॉकली याची ‘पांडुरंग हरी’ १८२६ ची. निजामाच्या सेवेतील फिलिप मेडोज टेलर याची ‘तारा’ १८६३ ची, म्हणजे ‘मोचनगड’च्या आधीची. तुळजापूरची ब्राह्मण विधवा तारा आणि अफझलखानाचा मुलगा फाजल यांची ही कथा शिवकालातच घडते. कालक्रम जुळला एवढ्यावरून गुंजीकरांचे ऋण सिद्ध होत नाही. पण हरि नारायण आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरीकडे वळताना प्रथम टेलरच्याच टिपूविषयक कादंबरीचा आधार घेतला (‘म्हैसूरचा वाघ’), ही गोष्ट या धाग्याच्या बाजूने बोलते. शेजारच्या भाषांतही याच सुमारास ऐतिहासिक कादंबरी आकाराला येत होती. गुजरातीत नंदशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ १८६६ ची, बंगालीत बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ ची. म्हणून एकाच उगमाचा आग्रह धरण्यापेक्षा स्कॉट, टेलर आणि देशी अद्भुतकथा यांचा संगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रेमकथा आणि गुपित : रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत एक कळीचा मुद्दा मांडला आहे. आपल्या लोकांतील विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात रंजक असे दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत, त्यामुळे कादंबरी लिहिणाऱ्याची अडचण होते, असा त्याचा आशय. या विधानाकडे बहुधा वास्तवापासून पळण्याची कबुली म्हणून पाहिले जाते. ते तितकेच नाही. बालविवाहाच्या समाजात तरुण-तरुणींची भेट, निवड आणि नकार यांना जागाच नव्हती. आणि त्यांच्याशिवाय प्रेमकथा उभी राहत नाही. लेखकांनी ही जागा दोन मार्गांनी मिळवली. एक, कथा अशा भूतकाळात नेली की जिथे उपवर राजकन्या आणि स्वतःहून केलेली वराची निवड वाचकाला खटकत नाही. दुसरा मार्ग गुपिताचा. नायक बैराग्याच्या वेशात असतो, नायिका पुरुषवेशात प्रवास करते, एखादीचे कूळच कोणाला माहीत नसते. ओळख झाकलेली असेपर्यंत जातीचे, घराण्याचे आणि मर्यादेचे नियम लांबणीवर पडतात. शेवटी ओळख उघड होते तेव्हा मुलगी योग्य घराण्यातली निघते आणि विवाह शास्त्रसंमत ठरतो. वाचकाला स्वैर प्रेमाचा आनंदही मिळतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे पुस्तक झाकावेही लागत नाही. या प्रकारातील रहस्याचे खरे कार्य येथे आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. हा उपाय धाडसी नव्हता हे खरे. पण मुलीचे मन ही काही एक वस्तू आहे, ही कल्पना हजारो घरांत त्याच वाटेने पोहोचली.

रहस्याची साधने : भुयार, तळघर, चोरवाट, चोरदिंडी, खुणेची अंगठी, अर्धवट फाटलेले पत्र, जासूद, तोतया. यांपैकी बरीच साधने गॉथिक कादंबरीतही, म्हणजे वॉल्पोल आणि रॅडक्लिफ यांच्या वळणाच्या भयरम्य कादंबरीतही, आहेत. मराठीत मात्र त्यांना जमिनीचा आधार मिळाला. सह्याद्रीतील गडांना चोरदरवाजे खरोखर होते. बहिर्जी नाईक यांच्यासारखा हेर शिवकालात खरोखर होऊन गेला. तोतयाचे उदाहरण तर सर्वांत बोलके. पानिपतच्या लढाईनंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस पुढे आला, त्याच्यामागे फौज जमली आणि पेशवाईला त्याचा बंदोबस्त करावा लागला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पती जिवंत असल्याच्या विश्वासावर राहिल्या. कल्पित कादंबरीतल्या कोणत्याही गुंत्याहून अधिक करुण असा हा प्रसंग आहे. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. अशा इतिहासामुळे मराठी वाचकाला वेशांतर अशक्य कोटीतले वाटत नव्हते.

अतिमानवी घटनांच्या बाबतीत दोन रीती दिसतात. आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत चमत्कार चमत्कारच राहतो. आपट्यांच्या पिढीत रॅडक्लिफची रीत प्रबळ होते. पडक्या देवळातल्या आवाजामागे माणूस निघतो. हे संक्रमण एकाएकी झालेले नाही आणि एकाच लेखकाच्या निरनिराळ्या कादंबऱ्यांतही दोन्ही रीती सापडतात.

हरि नारायण आपटे आणि नंतर : आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून या प्रकाराला प्रौढ रूप दिले. ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘रूपनगरची राजकन्या’ आणि विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ ही महत्त्वाची नावे. आठवड्याच्या हप्त्याने प्रकाशन झाल्यामुळे प्रकरण कुठे तोडायचे, हे कौशल्य त्यांना हस्तगत करावे लागले. फापटपसारा आणि पाल्हाळ हे दोषही त्याच हप्त्यांतून आले. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांना समीक्षेत वरचे स्थान मिळते, ते योग्यच आहे. पण ‘वज्राघात’मधील प्रेम आणि सूड यांची घट्ट वीण त्यांच्या कोणत्याही पुस्तकापुढे उणी पडत नाही.

आपट्यांच्या पाठोपाठ नाथमाधव (द्वारकानाथ माधवराव पितळे, १८८२–१९२८) यांनी स्वराज्यविषयक कादंबरीमाला आणि ‘वीरधवल’ लिहून मोठा वाचकवर्ग मिळवला. वि. वा. हडप यांनी पेशवाईवर कादंबरीमाला रचली. गो. ना. दातार यांची वाट वेगळी. इंग्लंडमधील अतिलोकप्रिय लेखक जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) याच्या कादंबऱ्यांची त्यांनी देशी रूपांतरे केली. ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’ या त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या. मूळ कथेतले प्रदेश, धर्म आणि रीती बदलून ती मराठी मुलखात रुजवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. रेनॉल्ड्सला मायदेशी प्रतिष्ठा मिळाली नाही, भारतात मात्र तो आवडीने वाचला गेला. रूपांतर म्हणून दातारांना दुय्यम लेखले गेले. निवेदनाचा वेग आणि गुपित राखण्याचा संयम या कसोट्यांवर ते समकालीन स्वतंत्र लेखकांपेक्षा सरस ठरतात.

वाचन आणि विरोध : पुस्तके विकत घेणारे थोडे, वाचनालयातून आणणारे पुष्कळ. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. घरात एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, ही पोथीवाचनाची सवय कादंबरीलाही लागू पडली. स्त्रियांपर्यंत हे साहित्य पोहोचण्याचा तो एक मार्ग होता.

विरोधही आरंभापासून झाला. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांविषयीच्या निबंधात (१८७२) तत्कालीन कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर टीका केली. वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या १९०२ च्या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन दृष्टींची युरोपीय वाङ्मयाच्या आधारे चर्चा केली. दोघांचाही रोख लेखकांकडे होता. वाचक याच पुस्तकांकडे पुन्हापुन्हा का वळतो, हा प्रश्न त्यांनी गौण मानला.

उतार : १९२० नंतर सुशिक्षित तरुण-तरुणींच्या भेटी कादंबरीत उघडपणे होऊ लागल्या. प्रेमाला वेशांतराची गरज उरली नाही आणि ना. सी. फडके यांच्या पिढीने प्रेमकथा वर्तमानात आणली. रहस्य वेगळे होऊन हेरकथेत गेले. बाबूराव अर्नाळकरांनी ते घराघरांत नेले. इतिहास तेवढा उरला. स्वातंत्र्यानंतर रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) आणि ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) या कादंबऱ्यांत प्रेम आणि इतिहास पुन्हा एकत्र आले, परंतु प्रमुख पात्रेच इतिहासप्रसिद्ध असल्यामुळे गुपिताला वाव राहिला नाही. तेथे उत्कंठेची जागा अटळ अंताच्या जाणिवेने घेतली. इंग्रजीत मात्र जॉर्जेट हेयर हिच्या ‘द टॅलिस्मन रिंग’सारख्या (१९३६) कादंबऱ्यांतून आणि १९६० नंतर व्हिक्टोरिया होल्ट या टोपणनावाने लिहिलेल्या कादंबऱ्यांतून तिन्ही घटकांची एकत्र परंपरा चालू राहिली. मराठीत अलीकडे जुने मोडी कागद, खजिना आणि सांकेतिक खुणा यांभोवती गुंफलेल्या कादंबऱ्या वाचल्या जात आहेत. त्यांत रहस्य आणि इतिहास जवळ आले आहेत, प्रेमकथा बहुधा पातळ असते.