अंगणवाडीची वेळ कोणी ठरवली?

दिवाळी झाली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतली बिऱ्हाडं घाट चढून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफुटी म्हणजे नको असलेली फूट काढायची, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, आणि शेवटी काढणी. काम एकरावर घेतलेलं असतं, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. मांडवाच्या लोखंडी अँगलला लुगड्याची झोळी बांधलेली असते आणि झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण. गावात अंगणवाडी असते, पण त्या झोळीतल्या बाळाचं नाव तिथल्या रजिस्टरात नसतं, ते मागे पेठच्या पाड्यावर राहिलेलं असतं. तीन-चार वर्षांच्या भावंडाला अंगणवाडीत सोडायचं म्हटलं, तर बाग सकाळी लवकर सुरू होते. आणि दुपारी अंगणवाडी सुटली की त्याला घ्यायला कोण जाणार?

ही वेळ ठरवताना या आईला कोणी विचारलं होतं का? लहान मुलांच्या कुटुंबांसाठी काही उभं करायचं, तर ते आई-बापांना सोबत बसवून ठरवावं, असं आता सरकारी कार्यशाळांतही बोललं जातं. ते नवं आणि बाहेरून आलेलं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं मूळ आपल्या शेजारी, त्र्यंबक-जव्हारच्या पलीकडच्या डहाणू तालुक्यात आहे.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी माँटेसोरी पद्धतीच्या बालमंदिरांचं ते काम होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथल्या हरिजनवाड्यातली, आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीकडे फिरकत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या बोर्डीच्या कामातून आला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. थोरली मुलं शाळेत येत नाहीत, कारण धाकट्यांना सांभाळायचं असतं, हे लक्षात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली गेली. तिला विकासवाडी म्हणत. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पालकांची समिती वगैरे कागदावर नव्हती. तरी वारली आई-बापांचा दिवस कसा जातो, त्यांना कुठे अडतं, हे बघून कामाचा आराखडा बदलत गेला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण मुलं येत नाहीत याचा दोष तिथे पालकांच्या माथी मारला गेला नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी त्यात होती. शब्द अंगणवाडी हाच राहिला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. योजना खरोखर मोठी होती, तिने लाखो लेकरं जगवली, त्यात शंका नाही. पण आराखडा वरून आला आणि आई-बाप ‘लाभार्थी’ या रकान्यात गेले. तो शब्द अजून तिथेच आहे.

कायद्यातली फट त्यानंतरची, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. राज्यघटनेच्या मूळ ४५व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांच्या शिक्षणाची गोष्ट होती, म्हणजे सहाच्या आतलीही त्यात येत. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क मिळाला आणि सहाखालच्यांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढंच उरलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक सक्तीचे केले, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे पहिलीतल्या मुलीच्या आईला शाळेचा विकास आराखडा करायला कायद्याने बसवलं. तिचंच धाकटं लेकरू अंगणवाडीत जातं, तिथे तिला तसा हक्क नाही.

सहाखालच्या वयासाठी दार किलकिलं झालं ते न्यायालयामुळे. अन्नाच्या हक्कावर २००१ साली सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार काढायला सांगितले. धान्य खरेदी आणि स्वयंपाक गाव, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडे द्यावा, असा आदेशाचा रोख होता. २००६ मध्ये देशभर १४ लाख अंगणवाड्यांचा आदेश झाला. तरीही घरपोच आहाराची बंद पाकिटं बरीच वर्षं येत राहिली, आणि लेकरू ते तोंडात धरत नाही ही आयांची तक्रारही तितकीच जुनी. जिच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण शिजतं, तिला एकदा विचारलं असतं तरी पुष्कळ काही कळलं असतं.

२०१५ च्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत मात्र थोडं वेगळं घडलं. पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं, चौरस जेवण द्यायचं, आणि त्यासाठी गावात आहार समिती. त्या समितीत खुद्द या मातांनाही जागा ठेवली गेली. जी जेवते तिला जेवणाबद्दल बोलता येईल, एवढी सोय तरी झाली. २०१८ पासून पोषण अभियानात अन्नप्राशन, सुपोषण दिवस असे कार्यक्रम सुरू झाले. सुपोषण दिवसाला बाप यावेत अशी अपेक्षा असते. हे चांगलंच आहे, पण तिथे बापाने ऐकायचं असतं.

‘पालक सभेलाच येत नाहीत’ हे वाक्य नाशिकमध्ये कुठेही ऐकू येतं. मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. सहा तारखेला निघून बाराला पोचली. वनजमिनीचा प्रश्न होता, रेशनचाही होता. बायांच्या तळपायांची सोललेली कातडी साऱ्या देशाने पाहिली. त्या बायाही कोणाच्या तरी आया आहेत. सभा दुपारी बारा वाजता, रोजगार बुडवून आणि कोणी तरी काही सांगणार म्हणून ठेवली, तर त्या येत नाहीत, हे खरं आहे.

अमेरिकेत १९६५ साली गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी हेड स्टार्ट सुरू झालं. तिथे ते चालवणाऱ्या संस्थेच्या धोरण मंडळात पालकांचं बहुमत लागतं आणि कर्मचारी नेमण्यापासून खर्चापर्यंत त्यांची संमती घ्यावी लागते. शिकलेल्या पालकांची वाट बघत ते थांबले नाहीत.

नाशिक शहराची गोष्ट वेगळी वाटते, पण गाठ तीच आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नोव्हेंबर २०२५ पर्यंत कारखाने कायदा लागू होता. त्या कायद्याने तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर द्यावं लागायचं. ठेकेदारीत विखुरलेल्या बाया त्या आकड्यात सहसा धरल्या जात नसत. धुणीभांडी करणारी, किंवा पेठ रोडच्या नाक्यावर सकाळी कामासाठी उभी राहणारी बाई तर त्या कायद्यात बसतच नव्हती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद आली. द्राक्षबागेत पंधरा मुलं असली तरी तशी तरतूद नाही, कारण ती खाजगी जागा.

या आया काय मागतील याचा अंदाज बांधायला फार मोठं सर्वेक्षण लागणार नाही. बागेकडे नेणारी गाडी निघायच्या आत उघडणारी आणि त्या परत येईपर्यंत उघडी राहणारी जागा. गावाकडचं नाव इथेही चालावं. झोळीतल्या बाळालाही घेणारं कोणी तरी असावं, म्हणजे थोरलीला शाळेत जाता येईल. यातलं शेवटचं कोसबाडला सहा दशकांहून अधिक काळापूर्वी झालेलं आहे.

मग उरतो सेविकेचा प्रश्न. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत अंगणवाडी उघडी ठेवायची तर तिच्या आजच्या मानधनात ते होणार नाही. मदतनीसही एकटी पडेल. दोघी बहुतेक त्याच गावच्या, त्यांचीही लेकरं लहान असू शकतात. त्यामुळे वेळ ठरवायला बसायचं, तर त्या बैठकीत बागेतली आई, सेविका आणि मदतनीस अशा तिघी हव्यात, आणि बैठक रात्री जेवणं आटोपल्यावर, बिऱ्हाडं उतरली आहेत त्या शेडपाशी.