लंडन ते पॅरिस : अंतर तेवढंच, वेळ मात्र हलती

लंडन आणि पॅरिस यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 344 किलोमीटर. त्यात कधी फरक पडलेला नाही. ‘विमानाला किती वेळ लागतो?’ याचं उत्तर मात्र शंभर वर्षांत अनेकदा बदललं, आणि आजही ते एकच नाही.

25 ऑगस्ट 1919 रोजी लंडनजवळच्या हाउन्सलो हीथच्या मैदानावरून एक डीएच-4ए विमान निघालं आणि सुमारे अडीच तासांनी पॅरिसजवळच्या ल बूर्जेला उतरलं. रोजच्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेची सुरुवात याच दिवशी झाली असं मानतात. मूळचं हे युद्धातलं बॉम्बफेकी विमान, आत माणूस बसेल एवढी सोय केलेलं. प्रवासी एकच, तोही वार्ताहर. सोबत वर्तमानपत्रं, कातडं, शिकारीचे ग्राउस पक्षी आणि डेव्हनशायरची दाट साय! फ्रान्समध्ये सायीचा तुटवडा होता असं कोणी म्हणणार नाही, पण विमानातून आलेल्या सायीचा थाट वेगळाच असणार.

त्या काळचे वैमानिक खालचे रस्ते आणि रेल्वेचे रूळ बघत विमान हाकायचे. ढग खाली आले की विमानही खाली आणायचे. जाणारा आणि येणारा असे दोघेही तोच रस्ता धरून उडत असले तर काय होणार, हे 7 एप्रिल 1922 रोजी कळलं. उत्तर फ्रान्सवर धूसर हवेत लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघालेलं टपालाचं विमान आणि पॅरिसहून येणारं प्रवासी विमान समोरासमोर धडकलं. सातही जण गेले. त्यानंतर आपापली बाजू धरून उडण्याचे नियम आले.

संकटातल्या विमानाची ‘मेडे’ ही हाकही याच मार्गाची देणगी. क्रॉयडनची बहुतेक ये-जा ल बूर्जेशी असल्यामुळे दोन्हीकडच्यांना कळेल असा शब्द हवा होता. क्रॉयडनचे रेडिओ अधिकारी मॉकफर्ड यांनी तो ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून घडवला.

जुलै 1950 मध्ये टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनानं पंखे फिरवणारं, व्हायकाउंट विमान या मार्गावर आलं आणि हवेतला वेळ तासाभरावर आला. आज विमान प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपास असतं, पण वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडा जास्त लिहिलेला दिसतो. त्यात लबाडी नाही. तो हिशेब विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा. विमानतळ गाठणं, तपासणी, सामान हे त्यात धरलेलंच नाही, आणि नेमक्या याच जागी रेल्वेनं बाजी मारली. 1994 मध्ये खाडीखालचा बोगदा सुरू झाला. 2007 पासून लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून निघालेली युरोस्टार गाडी सव्वादोन तासांत पॅरिसच्या मध्यवस्तीत पोचते. म्हणजे 1919 च्या विमानापेक्षाही लवकर.

तिकीट वाचताना आणखी एक घोळ होतो. दहाला निघालेलं विमान पॅरिसला सव्वाबाराला पोचतं. परतीचं दहाचं विमान लंडनला सव्वादहालाच! कारण पॅरिसचं घड्याळ लंडनच्या तासभर पुढे. एके काळी पॅरिसचं घड्याळ लंडनच्या फक्त 9 मिनिटं 21 सेकंद पुढे होतं. 1911 मध्ये फ्रान्सनं ग्रीनिचची, म्हणजे लंडनचीच, वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रीनिचचं नाव न घेता ‘पॅरिसची वेळ, 9 मिनिटं 21 सेकंद मागे’ असं लिहून. 1940 मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसचे काटे बर्लिनला जुळवले. फौजा गेल्या, तासाभराचा फरक राहिला.