कृतियुक्त शिक्षण

कृतियुक्त शिक्षण : वस्तू हाताळून, मोजून, मांडून आणि मोडून मुलाने संकल्पना स्वतः समजून घ्यावी, अशी शिकवण्याची रीत. बालवाडी ते दुसरी-तिसरीपर्यंत तिचा उपयोग सर्वाधिक. या वयात 'दहा' हा नुसता ऐकलेला शब्द असतो. दहा चिंचोके मांडले, त्यांतला एक शेजारच्याने पळवला आणि नऊच उरल्याची तक्रार आली, की तो आकडा होतो.

फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेली बालशाळा आणि मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये उघडलेले बालगृह ही या पद्धतीची आधुनिक उगमस्थाने. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले.

माँटेसरींची लाकडी साधने गावच्या शाळेला परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पाने, माती हेच साहित्य झाले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच झोपडीच्या अंगणात भरू लागली. 'अंगणवाडी' ही कल्पना यातून आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली गेली. साहित्य स्वस्त झाले म्हणून पद्धत हलकी झाली नाही. उलट, ज्या बिया मूल रोज घरी पाहते त्याच वर्गात लहान-मोठ्या लावायच्या असल्याने परकेपणाच गेला.

मराठी माध्यमात या पद्धतीचा खरा कस संख्याज्ञानात लागतो. आपण 'तेवीस' म्हणतो तेव्हा आधी तीन ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन, मग तीन. त्यामुळे पहिली-दुसरीतली पुष्कळ मुले तेवीसऐवजी ३२ लिहितात. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' असे वाचन दिले गेले, तेव्हा विधिमंडळातही त्यावर वाद झाला. वर्गात मात्र यावर जुना उपाय आहे : काड्या. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करायचा, त्याला दशक म्हणायचे, उरलेल्या सुट्या. दोन गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे. नाव कसेही उच्चारा, मांडणी बदलत नाही.

आता ३२ मधून १५ द्यायच्या आहेत. मुलासमोर तीन गठ्ठे आणि दोन सुट्या. पाच सुट्या द्यायच्या कशा? काही मुले बाईंकडे पाहतात, काही सरळ दोन गठ्ठे देऊन मोकळी होतात. थोड्या वेळाने कोणीतरी रबर काढते. सुट्या बारा होतात, त्यांतल्या पाच गेल्या, सात उरल्या. उरलेल्या दोन गठ्ठ्यांतला एक गेला, एक राहिला. सतरा. आपल्या पिढीने पाठ केलेला 'हातचा' म्हणजे हे सुटलेले रबर. ते बाईंनीच काढून दाखवले तर धडा वाया गेला असे समजावे.

विज्ञानात हेच काम अरविंद गुप्ता यांनी केले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे सांधे म्हणून वापरून काडेपेटीच्या काड्यांपासून त्रिकोण आणि चौकोन बनवता येतात. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का दिसतात, याचे उत्तर बोटांनाच मिळते.

अलीकडे जिल्हा परिषद शाळांत फरशीवर आखणी, मुलांच्या उंचीचे तळफळे आणि रंगवलेल्या बोलक्या भिंती दिसतात. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाने आणि त्याआधी साताऱ्याच्या कुमठे बीटमधील (एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटातील) शाळांनी त्यांना बळ दिले. तरी भिंत कितीही बोलकी असली तरी ती हातात घेता येत नाही. साहित्याचे संच कपाटात कुलूपबंद राहण्याचे कारण बहुधा आळस नसतो. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद असते आणि मणी हरवले तर भरून कोण देणार, ही धास्ती असते. चिंचोके आणि काड्या रजिस्टरला चढत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

साहित्य कधी बाजूला ठेवायचे, हेही या पद्धतीत येते. क्रम वस्तू, चित्र, अंक असा. पण सगळी मुले एकाच दिवशी पुढे सरकत नाहीत. बावीस आणि आठ मिळून तीस हे तोंडी सांगणाऱ्या मुलीला पुन्हा काड्या मोजायला बसवले, तर ती काड्यांचे घर बांधू लागते.