टाटा इन्स्टिट्यूटमधला समुदाय संघटनाचा एमए : परीक्षेआधी दाखले काढा

वस्तीत, पाड्यावर लोकांना संघटित करण्याचं काम रीतसर शिकायचं म्हटलं की देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं, म्हणजे ‘टिस’चं नाव निघतं. १९३६ साली सुरू झालेल्या या संस्थेत एमए सोशल वर्कमध्ये ‘कम्युनिटी ऑर्गनायझेशन अँड डेव्हलपमेंट प्रॅक्टिस’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

पात्रतेत फारसं काही नाही. कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी चालते. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, केलेलीच हवी असं नाही. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो.

टिसची स्वतःची जुनी प्रवेश परीक्षा, टिसनेट, आता विसरा. २०२४ च्या प्रवेशापासून एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेची सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा द्यावी लागते. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ वजा. तो फॉर्म भरला की काम झालं असं अनेकांना वाटतं. तसं नाही, टिसच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. परीक्षेनंतरच्या मुलाखतीत प्रत्यक्ष केलेल्या कामाबद्दल नेमकं बोला. ‘समाजसेवेची आवड’ सगळ्यांनाच असते.

खरी धावपळ दाखल्यांची. गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो हे घरात असतंच. पण ही केंद्राच्या नियमांनी चालणारी संस्था, त्यामुळे ओबीसींना जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा (उन्नत गटात नसल्याचा) दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला जोडून मोकळे झालात तर अडकाल. विजा-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) हा प्रवर्ग केंद्रात नाही. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा आपली जात तिथे शोधा. एसईबीसीचा, म्हणजे राज्याने मराठा समाजासाठी केलेल्या प्रवर्गाचा दाखला इथे उपयोगाचा नाही. मराठा उमेदवारांनी ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) निकष तपासावेत.

नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस, दोन्हीकडे वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांचीच, हिशेब मात्र वेगळा. क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न या मर्यादेत मोजत नाहीत, ईडब्ल्यूएससाठी सगळं मोजतात. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्र सरकारसाठी’ असं स्पष्ट सांगा, आणि दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो का ते माहितीपत्रकात बघून घ्या.

एससी, एसटी विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आधार आहे. महाराष्ट्रातल्यांनी तिचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा.