मंडळाचा जुना हॉल: दुरुस्त करायचा की पाडून नवा बांधायचा?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इकडे मंडळांचे, ट्रस्टचे, क्लबचे जुने हॉल बरेच आहेत आणि जवळपास प्रत्येक साधारण सभेत वाद तोच, तरुण मंडळी म्हणतात पाडा, ज्येष्ठ सभासद म्हणतात हात लावू नका, आणि खजिनदार दोन कोटेशनं घेऊन बसलेले असतात. आमची छोटी फर्म फक्त इमारतींची तपासणी करते, बांधकामाचं काँट्रॅक्ट घेत नाही, त्यामुळे इमारत राखली किंवा पाडली तरी आमची फी तीच राहते. सभासदांना ठराव करण्याआधी काय काय माहीत असायला हवं तेवढं इथे लिहितोय.

सगळ्यात आधी पुढची पंचवीस-तीस वर्षं या हॉलमध्ये काय काय होणार ते कार्यकारिणीने कागदावर लिहून काढा. मुंजी, लग्नं, गणपती, वाचनालय, योगा क्लास, जे असेल ते. नुसता वापर बदलतोय म्हणून इमारत पाडायची गरज नसते, आपलं न्यायमंदिरच बघा ना, मूळ बांधलं मंडई म्हणून आणि पुढे तिथे कितीतरी वर्षं कोर्ट चाललं. पण हॉल वरच्या मजल्यावर असेल, सभासद सत्तरीला आलेले असतील आणि लिफ्टला कुठेच जागा निघत नसेल, तर तो प्रश्न नव्या रंगाने आणि टाइल्सने सुटत नाही.

आता तपासणीचं. स्लॅबचे पोपडे पडले, सळ्या दिसायला लागल्या की लोक घाबरतात, किंवा मग पुट्टी मारून विषय संपवतात, दोन्ही चूक. आम्ही काँक्रीट थोडं फोडून त्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतो. काँक्रीट निरोगी असेल तर ते लगेच गुलाबी होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची क्षारता (अल्कली गुण) गेलेली असेल तर रंगच येत नाही. हा बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं संरक्षण गेलं, मग ओल मिळाली की गंज चढतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून तो काँक्रीट बाहेर ढकलतो. पोपडे का पडतात ते हे. त्यासोबत अल्ट्रासोनिक टेस्ट (ध्वनिलहरी सोडून आतून काँक्रीट कसं आहे ते बघणं) करतो आणि निवडक जागी कोअर, म्हणजे ताकद मोजायला काँक्रीटचे दंडगोल तुकडे, काढतो, काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या निदान ८५ टक्के हवी आणि एकही ७५ च्या खाली नको. कॉलम आणि पाया ठीक असून फक्त अगाशीचा स्लॅब गेला असेल तर आम्ही बहुतेक वेळा दुरुस्तीच सांगतो.

आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत वडोदरा भूकंपाच्या झोन ३ मध्ये आहे. भूकंपात कॉलम ठिसूळपणे तुटू नये म्हणून त्याच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांधायचा कोड, आयएस १३९२०, आला १९९३ मध्ये. त्याआधीच्या आरसीसी इमारतींत रिंगा बऱ्याचदा लांब लांब असतात. जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचा थर देऊन, कॉलम मजबूत करता येतात, फक्त ते जाड होतात आणि हॉलची तेवढी जागा खातात.

विटा, चुना आणि सागवानाचं जुनं बांधकाम असेल तर प्लीज घाई करू नका. अशा भिंतींवर नंतर कोणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो, त्यामुळे ओल आतच कोंडते आणि भिंत गेली असं वाटतं. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे, पण तेवढं टोक बदलता येतं.

दुरुस्तीने सहसा न सुटणारी गोष्ट म्हणजे प्लिंथची (जोत्याची) उंची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी २६ फूट. तेव्हा तुमच्या हॉलच्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं ती खूण मोजून ठेवा. दर मोठ्या पुरात मीटर, स्टेज आणि वाचनालयाची पुस्तकं बुडणार असतील तर नवी, उंच प्लिंथची इमारत हा विचार आम्ही मनापासून करायला सांगू.

पण पाडण्याआधी एक पक्कं करा. नव्या बांधकामाला आजचे नियम लागतात, मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग, फायर सेफ्टी सगळं. जुन्या गल्लीतल्या प्लॉटवर आज आहे तेवढा हॉल परत बांधता येईलच असं नाही, तेव्हा आर्किटेक्टकडून नव्या प्लॅनचं कच्चं ड्रॉइंग आधी काढून घ्या. आणि बिल्डरला जागेचा काही भाग देऊन त्या बदल्यात हॉल बांधून घ्यायचा बेत असेल तर ट्रस्टला चॅरिटी कमिशनरची परवानगी लागते, विक्री, अदलाबदल, लांब मुदतीचं भाडं, सगळ्याला, याच्याशिवाय सही करू नका.

खर्च लावताना काँट्रॅक्टरचा चौरस फुटाचा भाव पुरेसा नाही. नव्यात पाडकाम, डेब्रिस, बांधकाम चालू असताना बुडणारं हॉलचं भाडं धरा, आणि दुरुस्तीत पुढच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या कुठे लावणार तेही ठरावातच लिहा, यावरून घरोघरी मनं दुखावतात आणि मग देणगी मागायला जाणं अवघड होतं.

आम्हाला बोलावताना जुने नकाशे, ट्रस्टचे कागद आणि लाइट-पाण्याची बिलं काढून ठेवा, नकाशा नसेल तर आम्ही मोजून करू. सभेच्या निदान दोन महिने आधी सांगा, कोअरचे रिपोर्ट लॅबमधून यायला वेळ लागतो, आणि रिपोर्ट सभेत मराठीत समजावून सांगायला आमच्यातलं कोणीतरी येईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.