दोन ब्ले, दोन लेबलं

जॅझच्या रेकॉर्डवर नुसतं ‘ब्ले’ वाचलंत तर जरा थांबा. हा पॉल की ही कार्ला? दोघंही पियानिस्ट, दोघांनीही १९७० च्या दशकात स्वतःचं स्वतंत्र लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, काढलं, आणि त्याआधी ही दोघं नवरा-बायको होती. गोंधळ झाला नाही तरच नवल.

पॉल माँट्रियलचा, जन्म १९३२. कार्ला चार वर्षांनी लहान, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात ती सिगारेट विकायची, तिथं दोघांची ओळख झाली. १९५७ मध्ये लग्न, दहा वर्षांनी घटस्फोट. आडनाव मात्र तिनं राहू दिलं.

पॉलचं लेबल ‘इम्प्रोव्हायझिंग आर्टिस्ट्स’. व्हिडिओ कलाकार कॅरोल गॉसबरोबर त्यानं ते १९७४ मध्ये सुरू केलं. नाव ठेवलं तसंच काम: ऐनवेळी सुचेल ते वाजवणारे लोक, छोटे संच, आणि दार इतरांनाही उघडं. जॅझ पियानिस्ट आणि बँडप्रमुख सन रा यांचं एकल पियानोवादन इथंच निघालं. त्याच वर्षी जूनमध्ये पॉल इलेक्ट्रिक पियानोवर बसला, सोबत गिटारवर १९ वर्षांचा पॅट मेथेनी आणि बासवर जाको पास्टोरियस. तेव्हा त्या दोन पोरांना फारसं कुणी ओळखत नव्हतं! माझ्या मते लेबल काढल्याचं चीज या एका रेकॉर्डनं केलं.

कार्लाचं ‘वॅट’, ट्रम्पेटवादक मायकल मँटलरबरोबर काढलेलं. इथं मुख्यतः या दोघांचंच संगीत, तेही बरंचसं मोठ्या संचासाठी आधी लिहून काढलेलं. तीन रेकॉर्डचा तिचा गाजलेला ‘एस्केलेटर ओव्हर द हिल’ मूळचा ‘वॅट’चा नाही, हेही लक्षात ठेवा. तो १९७१ चा, आधीच्या ‘जेसीओए’ (जॅझ कंपोझर्स ऑर्केस्ट्रा असोसिएशन) लेबलवरचा. शिवाय कार्ला आणि मँटलर या मंडळींनी ‘न्यू म्युझिक डिस्ट्रिब्यूशन सर्व्हिस’ उभारून इतर छोट्या लेबलांचा मालही दुकानांपर्यंत पोचवला. रेकॉर्ड छापणं त्या मानानं सोपं, ती विकायला ठेवणं अवघड. त्या बाजूनं कार्लाचं काम जास्त दूरवर पोचलेलं.

एवढं कळलं तरी एक फसगत उरतेच. पॉल आयुष्यभर कार्लाच्या रचना वाजवत राहिला. जाको-मेथेनीच्या त्या रेकॉर्डवर ‘वश्कार’ आहे: पियानोवर पॉल, लेबल पॉलचं, रचना कार्लाची.